औषधाची चिठ्ठी कोणत्या भाषेत वाचायची?

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, जमिनीचे उतारे, शाळांतील शिक्षकांच्या जागा. हे सारे प्रश्न खरे आहेत आणि त्यांच्यासाठी अनेकांनी उभे आयुष्य वेचले आहे. परंतु भाषा न कळल्यामुळे माणसाच्या शरीराला थेट इजा होते असे एक ठिकाण आपल्या मागण्यांच्या यादीत क्वचितच दिसते. ते म्हणजे कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान, आपले ‘मेडिकल’.

उदाहरण म्हणून मुद्दाम एक साधा रोग घेऊ. गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा. खानापूर तालुक्यातल्या पावसात भातलावणी करणाऱ्या बायका, ओल्या गणवेशात दिवसभर बाकावर बसणारी मुले, दमट खोलीत यंत्रमाग चालवणारे कामगार या साऱ्यांना तो ठाऊक आहे. जांघेत, काखेत, कमरेला चट्टा उठतो, कडा लाल होतात आणि खाज सुटते. गजकर्ण हा शब्द कन्नडमध्येही आहे. म्हणजे रोगाने दोन्ही भाषा आधीच मान्य केल्या आहेत, मान्य करायचे राहिले आहे ते औषधाने.

हा रोग आता पूर्वीसारखा साधा राहिलेला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर तो चिवट झाला. ज्या टर्बिनाफिनने तो हमखास बरा होई, त्याला दाद न देणारी बुरशी सापडू लागली. २०२० साली जपानमधील संशोधकांनी अशा एका जातीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. नावातच आपला देश आला, पण हा काही अभिमानाचा विषय नव्हे. अर्धवट उपचार आणि स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर यांकडे त्वचारोगतज्ज्ञ सतत बोट दाखवत आले आहेत.

शब्दांची गल्लत, औषधाची गल्लत

आता या रोगाचा आणि भाषेचा संबंध पाहू. खेड्यातला माणूस मेडिकलमध्ये जातो आणि ‘खाजेचे मलम द्या’ म्हणतो. मराठीत आपल्याकडे शब्द तोटके नाहीत. गजकर्ण बुरशीमुळे होते, खरूज अतिसूक्ष्म किड्यामुळे होते आणि इसब हा या दोहोंहून वेगळा. तिघांची औषधे तीन. इसबावर डॉक्टर स्टिरॉइडचे मलम देतात, तेच गजकर्णावर लावले तर आगीत तेल. पण बोलताना आपण तिन्हींना ‘खाज’ म्हणतो आणि तिन्हींवरच्या औषधांना ‘मलम’. आपल्या पूर्वजांनी नीट पाहून वेगवेगळे ठेवलेले शब्द आपण एकात कालवले आणि त्याची किंमत कातडी मोजते आहे.

स्टिरॉइडचे मलम लावले की दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणूस खूश होऊन शेजाऱ्यालाही तेच मलम सांगतो. आत बुरशी मात्र पसरतच असते. महिन्याभराने चट्टा दुप्पट होऊन परत येतो, त्याची गोल कड पुसट झालेली असते आणि डॉक्टरलाही रोग ओळखणे अवघड जाते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे ओरखड्यासारखे पट्टे उठतात. नळीवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन अशी नावे असली तर त्यात स्टिरॉइड आहे असे समजावे. २०१८ साली केंद्र सरकारने अशा मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची असलेली सूट काढून घेतली. नियम झाला, पण नळीवरची अक्षरे इंग्रजीच राहिली. जिला ती वाचता येत नाहीत तिच्यासाठी हा नियम कुलपात बंद आहे.

गोळीचे नियम

पोटात घेण्याच्या गोळ्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. फ्लुकोनॅझोल ही गोळी अनेकदा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ‘आठवड्याला एक’ आणि ‘दिवसाला एक’ यांतला फरक चिठ्ठीवर इंग्रजीतल्या एका शब्दाचा. शिवाय ओ.डी., बी.डी., एच.एस. ही अक्षरे तर इंग्रजीही नव्हेत, लॅटिनची आहेत. दिवसातून एकदा, दोनदा, झोपताना, एवढाच त्यांचा अर्थ. तो मराठीत लिहायला कागदाची अर्धी ओळ पुरते.

इट्राकोनॅझोलच्या साध्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या असतात. त्यांच्यासोबत आम्लपित्ताची गोळी घेतली तर औषध अंगाला नीट लागत नाही. हृदय कमकुवत असल्याचे निदान झालेल्यांना गजकर्णासारख्या रोगावर हे औषध देत नाहीत. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्याला ते सोबत चालत नाही, स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. फ्लुकोनॅझोलमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर वाढून साखर एकदम उतरू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसोबत ते घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ग्रिसिओफल्विन स्निग्ध जेवणाबरोबर घ्यावे आणि गरोदरपणी घेऊ नये. टर्बिनाफिनसह या सर्व गोळ्यांत यकृतावर लक्ष ठेवावे लागते. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना जाणे, कमालीचा थकवा यांपैकी काही जाणवले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

म्हणून डॉक्टरला चार गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: सध्या चालू असलेली सर्व औषधे, गरोदरपण किंवा अंगावर पाजणे, पूर्वी झालेली कावीळ, आणि हृदयाचा आजार. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नये. लावण्याचे मलम चट्ट्यावरच नव्हे तर भोवती सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा, आणि चट्टा गेल्यावरही आणखी दोन आठवडे लावावे असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवावेत, उन्हात कडकडीत वाळवावेत. घरात दोघांना रोग असेल तर दोघांनीही एकाच वेळी उपचार घ्यावेत.

हे सारे ज्ञान गुप्त नाही. औषधाबरोबर येणाऱ्या घडीच्या कागदावर यातले बरेचसे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेले असते. घरातली आजी मराठी चौथी शिकलेली. तिला हे दैनिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येते, पण तो कागद येत नाही. नातू इंग्रजी माध्यमात. तो कागद घडाघडा वाचतो, पण त्यातल्या ‘हिपॅटिक’ या शब्दाचा अर्थ यकृताशी संबंधित असा आहे हे त्याला कोणी शिकवलेले नाही, आणि यकृत म्हणजे काय हे तर मराठीतही ठाऊक नाही. ज्याला अक्षरे कळतात त्याला अर्थ कळत नाही, जिला अर्थ कळला असता तिला अक्षरे कळत नाहीत. औषध या दोघांच्या मधल्या फटीत पडते.

हक्क कागदावर आहे

यावर काही मित्र म्हणतात की आधी सीमाप्रश्न सुटू द्या, मग हे आपोआप होईल. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. निकाल येईल तेव्हा येईल, पण बुरशी तारखेसाठी थांबत नाही. शिवाय सीमाप्रश्न सुटल्यावरही गोळीचे पाकीट इंग्रजीतच येणार आहे. कोल्हापुरात आणि पुण्यात आज ते कोणत्या भाषेत येते ते जाऊन पाहावे.

भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षक तरतुदी राज्य पुनर्रचनेच्या वर्षापासूनच्या आहेत. १९५६ चे केंद्राचे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्री परिषद यांतून आलेले सूत्र असे, की जिथे अल्पसंख्य भाषिक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात. जमिनीच्या नोटिशीसाठी आपण या सूत्राचा आधार कितीदा तरी घेतला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील सूचनापत्रकासाठीही तो घेतला पाहिजे. तसेच २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनुसार रुग्णाला औषधाची माहिती समजावून सांगणे हे नोंदणीकृत औषधविक्रेत्याचे कर्तव्य आहे. न कळणाऱ्या भाषेत समजावणे याला समजावणे म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असेही २०१६ साली वैद्यक परिषदेच्या नियमांत आले. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रचलित औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. पाकिटावर कोडासाठी जागा निघू शकते, मग रुग्णाच्या भाषेतल्या दोन ओळींसाठी का निघू नये?

ही मागणी कन्नडच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषिक आजीलाही महाराष्ट्रात हीच सोय मिळाली पाहिजे. आपल्या पत्रकावर डावीकडे कन्नड आणि उजवीकडे मराठी असेल तर कोणाचे काय बिघडते? पाटीवरच्या अक्षरांची टक्केवारी मोजणाऱ्यांनी रोग्याच्या बाबतीत तरी फूटपट्टी खाली ठेवावी.

आपण काय करावे?

सगळे सरकारने करावे असेही नाही. समितीच्या प्रत्येक शाखेने गावातल्या औषधविक्रेत्याला भेटून एवढेच सांगावे की पाकिटावर पेनाने चार गोष्टी मराठीत लिहा: कशासाठी, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. न वाचता येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढले तरी चालेल. मराठी डॉक्टरांनी नेहमीच्या दहा-बारा औषधांची पत्रके तपासून द्यावीत. त्यांचा अनुवाद उत्साही कार्यकर्त्यांवर सोडू नये, औषधाच्या मात्रेत एका शून्याची चूक फार महाग पडते. शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात महिन्यातून एक तास रिकामी पाकिटे आणून वाचायला शिकवावे. मूळ नाव कुठे, मुदत कुठे, ‘आरएक्स’ ही खूण म्हणजे काय, हे मुलाने घरी जाऊन आजीला मराठीत सांगावे. हाच त्याचा गृहपाठ.

आणि हे करताना मराठीचा सोवळेपणा नको. औषधांची नावे आहेत तशीच देवनागरीत लिहावीत. त्यांना संस्कृत प्रतिशब्द शोधत बसू नये. ‘बुरशीनाशक’ हा शब्द तर इथे मुळीच वापरू नये, कारण आपल्या शेतकऱ्याच्या घरात त्याचा अर्थ द्राक्षावर आणि भाजीवर फवारायचे विष असा आहे. ‘बुरशीवरची गोळी’ म्हणावे, कोणालाही कळते. २०२१ साली म्युकरमायकोसिस आला तेव्हा ‘काळी बुरशी’ या दोन शब्दांनी घराघरात जे काम केले, ते कोणत्याही पारिभाषिक कोशाला जमले नसते.

भाषा टिकते ती जिथे तिच्यावाचून अडते तिथे. सभेत, संमेलनात आणि मोर्चात मराठी हवीच. पण ताप भरलेल्या रात्री, दिव्याच्या उजेडात गोळीचे पाकीट हाती घेतलेल्या माणसाला ती सर्वांत जास्त हवी असते. तिथे ती पोचवण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. पेन खिशात असले की पुरे.