फुटलेल्या पेटीचा जाब

वैद्यकीय प्रवेशाची नीट-यूजी परीक्षा पुन्हा घेण्याचे कारण नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 23 जुलै 2024 चा निर्णय आम्ही शिरोधार्य मानतो. परंतु हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटली हे त्याच न्यायासनाने निर्विवाद म्हणून नोंदविले असताना केंद्रीय शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी ‘सत्यमेव जयते’ असे उद्गार काढावेत, हे आम्हांला सर्वथा असह्य वाटते. फेरपरीक्षा टळली म्हणजे निर्दोषत्वाची सनद मिळाली, असे नव्हे.

हजारीबागच्या केंद्रात परीक्षेच्या दिवशी सकाळी एक इसम शिरतो, प्रश्नपत्रिकांची पेटी उघडतो, प्रश्नपत्रिकेची छायाचित्रे घेऊन पेटी पूर्ववत बंद करतो, आणि ज्यांच्या हवाली ही पेटी होती तेच या कटात सामील होते, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. लाभार्थी 155 निघाले की अधिक, हा हिशेब दुय्यम होय. पेटीच्या रक्षणाची अखेरची जबाबदारी कोणाची, हे सरकारने तेव्हा सांगितले नाही.

ते सांगता आले नाही, कारण सुमारे 24 लाख मुलांचे भवितव्य जिच्या स्वाधीन केले ती राष्ट्रीय परीक्षा संस्था संसदेच्या कायद्याने निर्माण झालेली नसून, गावोगावची वाचनालये ज्या 1860 च्या कायद्याखाली नोंदली जातात त्याच कायद्याखाली नोंदलेली आहे. वेळ वाया गेला म्हणून 1563 जणांना वाढीव गुण द्यावेत, प्रकरण न्यायालयात जाताच ते परत घ्यावेत, हा कारभार कोणाच्या हुकमाने झाला? संस्थेच्या महासंचालकांना दूर केले. पण कसूर कोणती, याचा खुलासा झाला नाही. 2015 मध्ये 44 परीक्षार्थींचा गैरलाभ उघड होताच याच न्यायालयाने त्या वेळची प्रवेशपरीक्षा संपूर्ण रद्द केली होती. त्यानंतरच्या नऊ वर्षांत पेटीचा बंदोबस्त झाला नाही तो नाहीच.

आमच्या लातुरातही जिल्हा परिषद शाळांतील दोन शिक्षकांना या प्रकरणी अटक झाली. एकेक शेत गहाण टाकून मराठवाड्यातले आईबाप ज्या नगरीत मुले शिकावयास धाडतात, तेथे गुणांच्या सौद्याचा नुसता संशय यावा, हीच मोठी हानी आहे. प्रामाणिक मुलाच्या गुणपत्रिकेकडेही लोक शंकेने पाहू लागले.

परीक्षासुधारणेसाठी सरकारने नेमलेल्या राधाकृष्णन समितीचा अहवाल तेव्हा यावयाचा होता. पण निर्णयाच्या वेळी संसदेचे अधिवेशन चालू होते. परीक्षा संस्थेला वैधानिक स्वरूप देणारे आणि प्रत्येक पेटीमागे एक उत्तरदायी अधिकारी नेमणारे विधेयक सरकारने त्याच अधिवेशनात मांडावयास हवे होते.