तिकीट मालकाचे, वेळ कोणाचा?

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रांताच्या लोहखाणींत राबणारे हजारो कामगार राहतात हजार किलोमीटरांहून दूर, पर्थ शहरी. मालकाच्या खर्चाने विमानात बसावे, आठवडा-दोन आठवडे बारा-बारा तासांची पाळी करावी आणि आठवडाभर घरी परतावे, असा हा क्रम. याच प्रांतात १९६०च्या दशकात खाणकंपन्यांनी टॉम प्राइस, न्यूमन ही गावे वसविली होती. पुढे घरे-शाळा पोसण्यापेक्षा तिकीट काढणे स्वस्त ठरले; १९८६ साली मालकाने दिलेल्या सवलतींवर कर बसला, तेव्हा तर तो हिशेब पक्काच झाला. यात औदार्य शोधणे हा निव्वळ भाबडेपणा होय.

या कामगारांच्या मानसिक आरोग्याची चौकशी तेथील विधिमंडळ समितीला करावी लागली. तिचा अहवाल २०१५ साली आला. आम्हा गोमंतकीयांना त्याचे नवल वाटू नये. तारवटी घरी आला की चार दिवस पाहुणा, आणि मुले अंगाखांद्यावर रुळू लागतात तोच त्याची पेटी पुन्हा दाराशी, हे या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. विमानाने अंतर तोडले, ताटातूट नव्हे. म्हणून तिकिटासोबत प्रवासाचे तासही कामात धरले पाहिजेत, आणि जितके दिवस खाणीवर तितकेच घरी, हे नेमणूकपत्रातच लिहिले गेले पाहिजे.