शतधौत घृत आणि गोंदणाची ताजी जखम

गोंदण आपल्या समाजाला नवे नाही. कपाळावरचा ठिपका, हातावरची तुळस, मनगटावर कोरलेले नाव हे सारे जत्रेतील गोंदणाऱ्या बाईने काजळीत सुया बुडवून काढलेले असे, आणि वृद्ध स्त्रीरुग्णांची नाडी पाहताना ते आजही आपल्या बोटांखाली येते. त्या गोंदणात रेषा आणि ठिपके एवढेच असत. खपली निघून एखादा ठिपका फिका पडला, तरी तुळस तुळसच राहत असे.

गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात येणारे तरुण जे गोंदवून घेतात, ते याहून अगदी वेगळे आहे. त्यांना छायाचित्राबरहुकूम हुबेहूब चेहरा हवा असतो. दंडावर दिवंगत वडील, छातीवर छत्रपती शिवाजी महाराज, पोटरीवर पाळलेले कुत्रे. अशा चित्रात ठळक रेषा जवळजवळ नसतेच. गालाची गोलाई, डोळ्याखालची सावली, दाढीचे पांढरे केस हे सर्व काळ्यापासून फिकट करड्यापर्यंतच्या छटांनी साधलेले असते. त्यासाठी एकाच जागी सुई कित्येक तास फिरते, आणि मोठ्या चित्राला अनेक बैठका लागतात. अशा जागी जाड खपली धरून ती ओढली गेली, तर छटा जाते, आणि छटा गेली की चेहरा बदलतो. म्हणून अशा गोंदणाची निगा हा केवळ हौसेचा विषय नाही. माणसाने आपला बाप हातावर कोरून घेतला असेल, तर त्या कातडीची जबाबदारी आपल्याकडे विश्वासाने सोपवली जात आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

आणि ती खरोखरच सोपवली जाते. ‘यावर काहीतरी आयुर्वेदिक लावायला द्या’ ही मागणी चिकित्सकाच्या टेबलावर आणि औषधी दुकानाच्या फळीवर आता सर्रास ऐकू येते. आपण काय देतो? कोणी शतधौत घृत, कोणी हळदीचा लेप, कोणी जात्यादी तेल, कोणी कोरफडीचा ताजा गर. आमचे मत स्पष्ट आहे, आणि ते अनेक वैद्यबंधूंना रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. त्वचा पूर्ण मिटेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले तीन-चार आठवडे, आपल्या बरणीतील कोणतेही अनिर्जंतुक कल्प या जखमेवर देऊ नये.

हे मत आम्ही ग्रंथ वाचून बनवलेले नाही. काही वर्षांपूर्वी एक तरुण वडिलांचा चेहरा दंडावर गोंदवून दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आला. जागेचा दाह होत होता. आम्ही स्वतः सिद्ध केलेले शतधौत घृत त्याला डबीत भरून दिले आणि दिवसातून तीनदा लावण्यास सांगितले. दाह लगेच शमला, तो संतुष्ट झाला, आम्हीही झालो. पाचव्या दिवशी चित्रातील गालावर बारीक पुयुक्त पुटकुळ्या उठल्या आणि भोवती लाली पसरली. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवल्यावर प्रतिजैविकांनी ते बरे झाले, परंतु गालाचा एक भाग फिका पडून राहिला. मागाहून त्याच घाण्यातील घृत आम्ही तपासणीस पाठवले. त्यात जंतूंची वाढ आढळली. रुग्णाच्या जखमेत तेच जंतू होते की नाही, हे सांगता येत नाही, कारण जखमेचा नमुना घेण्यापूर्वीच गोळ्या सुरू झाल्या होत्या. दोष स्टुडिओतील सुईचा असेल, शाईचा असेल किंवा आमच्या डबीचा. मात्र आमची डबी निर्दोष होती असे आम्ही शपथेवर सांगू शकलो नसतो, आणि ते पुरेसे होते.

शतधौत घृताची कृती आपण सर्व जाणतो. ताम्रपात्रात तूप शंभर वेळा पाण्याने धुवायचे, प्रत्येक वेळी पाणी ओतून टाकायचे. अखेरीस जो शुभ्र, हलका, मृदू कल्प हाती येतो, त्याच्या शीतलतेचे एक कारण असे की त्यात पाणी सूक्ष्म कणांच्या रूपाने अडकून राहिलेले असते. साध्या तुपात पाणी नसते, म्हणून ते टिकते. शतधौत घृतात असते. ते पाणी कोणते होते? बहुतेक ठिकाणी नळाचे. फार काटेकोर चिकित्सक ऊर्ध्वपातित पाणी वापरतात आणि निश्चिंत होतात.

नेमकी इथेच अमेरिकेतील एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे 2011 साली एकाच कलाकाराकडे गोंदवून घेतलेल्या 19 जणांच्या अंगावर चिवट पुरळ उठले. त्यांपैकी 14 जणांत मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा क्षयजंतूच्या कुळातील, पण क्षय न करणारा जंतू निश्चित सापडला. उगम निघाला तो करड्या शाईत. चेहऱ्याच्या छटांसाठी काळी शाई आधीच पातळ करून बाटलीत विकली जाते. ती पातळ करताना ऊर्ध्वपातित पाणी वापरले गेले होते, आणि ऊर्ध्वपातित म्हणजे निर्जंतुक नव्हे. सुया निर्जंतुक होत्या, तरी जंतू शाईतूनच त्वचेत उतरला. हा वृत्तान्त 2012 साली प्रसिद्ध झाला. आम्ही तो वाचला, तेव्हा आमच्या ताम्रपात्राकडे आमची नजर प्रथमच वेगळ्या रीतीने गेली.

येथे कोणी म्हणेल, सुश्रुताचार्यांनी सद्योव्रणात मधु-घृत सांगितले आहे, मग आपण माघार का घ्यावी? सांगितले आहे हे खरे. छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट या सहा सद्योव्रणांत गोंदणाची जखम विद्ध आणि घृष्ट यांच्यामध्ये कोठेतरी बसते. सुई बाह्यत्वचा भेदून खालच्या थरात सुमारे एक ते दोन मिलिमीटर जाते, आणि वरचा पृष्ठभाग खरचटतो. (तो थर म्हणजे आपल्या सात त्वचांपैकी नेमकी कोणती, हा वाद घालण्याचा मोह आम्ही टाळतो.) पण इतर व्रण आणि हा व्रण यांत एक भेद आहे. येथे हजारो सूक्ष्म छिद्रांतून बाह्य द्रव्य मुद्दाम आत ठेवलेले असते, आणि ते तेथेच राहावे अशी रुग्णाची इच्छा असते. शोधन-रोपणाचा आपला नेहमीचा क्रम परके द्रव्य बाहेर काढण्यासाठी आहे. शिवाय व्रणितोपासनीय अध्यायात आचार्यांनी जे सांगितले त्याकडे आपण सोयीने दुर्लक्ष करतो. तेथे औषधाआधी घर येते. स्वच्छ, वाराधूळ नसलेले घर, स्वच्छ शय्या, सर्षप-निंबपत्र-घृत-लवणाचे धूपन दिवसातून दोनदा दहा दिवस, व्रणास न खाजवणे, न चोळणे. व्रण राखणे हे लेपापेक्षा मोठे काम आहे, हा त्या अध्यायाचा रोख आहे. षष्टी उपक्रमांतील कृष्णकर्माचा दाखला देऊन ‘गोंदण आपल्याकडेच प्रथम झाले’ असे व्याख्यानांतून सांगणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. कृष्णकर्म व्रणवस्तूचा वर्ण त्वचेशी जुळवण्यासाठी आहे, चित्र काढण्यासाठी नाही.

मग आपण करावे काय? आपले खरे काम गोंदवण्याच्या आधीचे आहे, आणि तेथे आपला इतिहास घेण्याचा अभ्यास कामी येतो. जुन्या जखमेच्या जागी वाढलेला कठीण व्रणवस्तू दिसला, तर रुग्णाला थांबवावे. श्वित्र किंवा मंडलकुष्ठाच्या रुग्णास आम्ही हटकून नको म्हणतो, कारण सुईने घासलेल्या रेषेवर तोच रोग उमटताना आपण पाहतो. मधुमेह आटोक्यात नसेल, गर्भावस्था असेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर वेळ ही नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्या स्वतः बंद करण्यास सांगू नये, मूळ चिकित्सकाकडे पाठवावे. आपण दिलेली लशुनाची कॅप्सूल मात्र काही दिवस आधी आपणच थांबवावी. यकृतशोथ ‘ब’ची लस झाली आहे का, हे विचारावे; तिच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणून हे आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही. गोंदणानंतर एक वर्ष रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीची इच्छा असलेल्या मुलाला तर कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पाठीवर सोडून इतरत्र कायमचे गोंदण भरतीत अडचणीचे ठरते, हे आधीच सांगावे. दंडावर महाराज कोरून भरतीच्या मैदानावर गेलेला मुलगा मागाहून आपल्याकडे काढून टाकण्याचे औषध मागतो, आणि ते आपल्याकडे नाही.

त्या दिवशी पोटभर जेवून जावे, आदल्या दिवशी मद्य नको, घरी केस भादरू नयेत. विरेचन करून ‘रक्त शुद्ध’ करून जाण्याची गरज नाही. रिकाम्या पोटी थकून गेलेले रुग्ण खुर्चीतच चक्कर येऊन पडतात. स्टुडिओत दोन गोष्टी पाहाव्यात असे आम्ही सांगतो. सुईचे पाकीट समोर फोडले का, आणि करडी शाई कशाने पातळ केली. दुसऱ्या प्रश्नावर कलाकार गोंधळला, तर उठून यावे.

नंतरची निगा फार थोडी आहे. हात धुऊन सौम्य साबण आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने दिवसातून दोन-तीनदा धुणे, स्वच्छ कपड्याने टिपणे, गंधरहित साध्या मलमाचा अगदी पातळ थर. जाड थर दिला की त्वचा ओली राहते आणि पुटकुळ्या येतात. आमच्या तरुणाच्या बाबतीत हाही दोष होताच. हळद नको, ती अनिर्जंतुक तर असतेच, शिवाय फिकट छटांवर पिवळेपणा आणते. तीन-चार आठवडे नदी, समुद्र, तलाव वर्ज्य. विसर्जनाच्या मिरवणुकीआधी आठवडाभर गोंदवून घेणारे आणि नंतर पाण्यात उतरणारे रुग्ण दरवर्षी येतात. आषाढी वारीत चंद्रभागेचे स्नान आणि रंगपंचमी यांचेही तसेच. त्या जागी अभ्यंग, स्वेदन, उद्वर्तन नको, पंचकर्म केंद्रांनी हे सेवकवर्गास बजावून ठेवावे. त्वचा मिटल्यावर नारळाचे तेल, जात्यादी, जे हवे ते. उन्हापासून मात्र कायम जपावे, छटा उन्हाने पुसट होतात.

ज्वर, पसरणारी लाली, पू दिसल्यास त्याच दिवशी पाठवावे. दोन-तीन आठवड्यांनी केवळ करड्या भागातच गाठी उठल्या आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी हटल्या नाहीत, तर पाठवण्याच्या चिठ्ठीत रॉचेस्टरमधील जंतूच्या कुळाची शंका स्पष्ट लिहावी. नेहमीच्या संवर्धनात तो सहज निसटतो.

औषधी दुकानदार आणि फार्मसीचालक बंधूंना एक विनंती. स्वतःच्या रुग्णांसाठी कल्प सिद्ध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास शेड्यूल ‘टी’च्या उत्तम निर्मिती नियमांतून सूट आहे. ती सूट तपासणीपासून आहे. आमच्या शतधौत घृताच्या डबीवर आता सिद्ध केल्याची तारीख, वापरलेल्या पाण्याचा प्रकार आणि ‘उघड्या जखमेवर किंवा ताज्या गोंदणावर लावू नये’ ही ओळ असते. मोठी बरणी आम्ही बंद केली; वीस ग्रॅमच्या नळ्या भरतो. विक्री थोडी घटली आहे.