मोटारींची पेढी : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे.

विषय : रोबोटिक्स स्पर्धांनंतर महाविद्यालयांत उरणाऱ्या लहान मोटारींची नोंद आणि राळेगणसिद्धी (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) येथे त्यांचा वापर.



आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ साली सुरू झाली. तिचा यजमान देश दर वर्षी नवा खेळ ठरवतो, आणि हेच तिच्या आकर्षणाचे जसे कारण आहे तसेच तिच्यामागे साठत जाणाऱ्या अडगळीचेही. २००८ साली ही स्पर्धा पुण्यात भरली तेव्हा खेळ दहीहंडीच्या कल्पनेवर बेतलेला होता; २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली तेव्हा यंत्रांना सी-सॉ, झोपाळा अशा बालोद्यानातील साधनांवर आपले कसब दाखवायचे होते. हंडीपर्यंत पोचणारा यांत्रिक हात झोपाळ्यापाशी निरुपयोगी ठरतो, त्यामुळे प्रत्येक हंगामानंतर यंत्र मोडले जाते, अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप पुन्हा कापले जातात, आणि मोटारी मात्र कपाटात जातात, कारण त्या टाकवत नाहीत आणि पुढच्या खेळाला त्या नेमक्या वेगाच्या किंवा ताकदीच्या नसतात. रोबोकॉनशिवायही महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांतील स्पर्धा आहेत आणि शाळांतील अटल टिंकरिंग लॅब आहेत. तेथील पिवळ्या खोक्याच्या ‘बीओ’, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, मोटारी आकाराने लहान असल्या तरी त्यांची कथा हीच आहे.

या मोटारी पडून राहतात त्याचे कारण उपयोगांचा तुटवडा हे नसून त्यांना मालक आणि माहिती नसणे हे आहे, असे या पत्राचे म्हणणे आहे. महाविद्यालयाच्या हिशेबात वस्तू दोन प्रकारच्या असतात : डेडस्टॉक नोंदवहीत चढणाऱ्या, ज्या निर्लेखनाची, म्हणजे वहीतून रीतसर वगळण्याची, प्रक्रिया पुरी झाल्याखेरीज कोणाला देता येत नाहीत, आणि वापरून संपणाऱ्या, ज्यांची नंतर कोणी विचारपूस करत नाही. स्पर्धक संघाची मोटार बहुधा दुसऱ्या वर्गात मोडते किंवा विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या प्रायोजकांच्या पैशातून येते. ती संपत तर नाही, पण वहीतही नसते. अंतिम वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडले की ती किती व्होल्टची होती, कोणत्या चाकाला होती, कधी तापून गेली होती हे सांगणारे कोणी उरत नाही; आणि वरचा कागद निघालेली मोटार भंगारवाल्याच्या काट्यावर तांब्या-लोखंडाच्या भावाने जाते.

ही माहिती पुन्हा मिळवणे मात्र फारसे अवघड नाही. या मोटारी बहुतेक कायमचुंबकी डीसी प्रकारच्या असतात, म्हणजे त्यांच्या कवचात स्थिर चुंबक, मध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेला फिरता गाभा आणि त्याला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश असतात. साध्या मल्टिमीटरने गुंडाळीचा रोध मोजला आणि तो २ ओहम भरला, तर १२ व्होल्टवर अडकलेली मोटार जास्तीत जास्त सुमारे ६ अँपिअर ओढील, हे ओहमच्या नियमानेच कळते. मोकळी फिरताना ती किती वीज खाते आणि मिनिटाला किती फेरे घेते, या दोन मोजमापांची त्यात भर घालून एक चिठ्ठी मोटारीला बांधली, तर अनोळखी वस्तूची ओळखीची वस्तू होते. या कामाला प्रयोगशाळेतील एक दुपार पुरते.

आता राळेगणसिद्धीच का, हा प्रश्न. गाव विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे आणि पुणे-नगर महामार्गावरून तेथे सहज जाता येते, हे सोयीचे कारण झाले. खरे कारण असे की १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून परतल्यानंतर या पर्जन्यछायेतील गावाने पाणलोटाचे जे काम केले, त्यातून पाणी अडवण्याइतकेच ते मोजून-वाटून वापरण्याचे वळणही तेथे पडले : सामुदायिक विहिरी, पाण्याच्या पाळ्या, उसासारख्या तहानलेल्या पिकांना नकार. पुढे २०१७ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा एक आरंभीचा प्रकल्पही याच गावात उभा राहिला, ज्याचा हेतू शेतीला दिवसा वीज देणे हा होता.

गावात ‘मोटार’ म्हटले की विहिरीवरचीच डोळ्यांपुढे येते, आणि ती ५ अश्वशक्तीची असली तर साधारण ३,७०० वॅटची असते. रोबोटची १२ व्होल्ट, २ अँपिअरची मोटार फक्त २४ वॅटची. तिच्याकडून विहिरीतले पाणी शेतात चढवण्याची अपेक्षा धरणे म्हणजे मुंगीकडून औत ओढून घेणे होय. परंतु पाण्याच्या कामात नुसती ताकदच लागते असे नाही. ज्यांच्या पंपाला ‘ऑटो’ बसवलेला असतो त्यांचा पंप वीज येताच आपोआप चालू होतो, तरी एका तुकड्याचे ठिबक बंद करून दुसऱ्याचे चालू करायला माणसालाच जावे लागते, मग ती वेळ कोणतीही असो. ज्यांनी रात्री-अपरात्री दारे धरली आहेत त्यांना हे सांगायला नको. ठिबकचा बॉल व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवला की उघडतो किंवा मिटतो, आणि हा पाव फेरा रोबोटच्या गिअरवाल्या मोटारीच्या आवाक्यात येऊ शकतो.

येऊ शकतो असे म्हणायचे, कारण ते मोजूनच ठरवावे लागेल. व्हॉल्व्हच्या दांड्याला १५ सेंटिमीटरवर ताणकाटा लावून ओढावे. काट्याने ५ किलो दाखवले तर पीळ ७५ किलोग्रॅम-सेंटिमीटर झाला, म्हणजे सुमारे साडेसात न्यूटन-मीटर. माती, क्षार आणि ऊन यांनी जुना व्हॉल्व्ह अधिक घट्ट होतो, म्हणून मोटार किमान दुप्पट पिळाची घ्यावी. येथे मोटारगाडीची काच पुसणाऱ्या वायपरची मोटार, जी अनेक संघ वापरतात, विशेष उपयोगी पडते. तिच्यातील वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी चाक फिरवणारी दातेरी रचना, बाहेरून उलटी फिरवता येत नाही, त्यामुळे वीज बंद झाली तरी व्हॉल्व्ह आहे त्या जागीच राहतो. दोन्ही टोकांना लिमिट स्विच, म्हणजे टोक गाठताच वीज तोडणारी कळ, मात्र हवाच, नाहीतर टोकाला अडकलेली मोटार जळेल. आणि चालू पंपावर पहिला व्हॉल्व्ह मिटण्याआधी दुसरा उघडला पाहिजे, नाहीतर पाइपातला दाब जोड उखडून टाकील. विजेचा हिशेब चकित करणारा आहे : दिवसातून दोनदा, प्रत्येकी १० सेकंद, २ अँपिअरने चाललेली मोटार दिवसाला ०.०११ अँपिअर-तास एवढीच वीज वापरते, म्हणून नियंत्रकाची किरकोळ भूक धरूनही ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीला तळहाताएवढे सौरपटल पुरे व्हावे.

गावातील शाळेसाठी दुसरा, स्वस्त उपयोग आहे. रोबोटची साधी गिअरवाली मोटार हाताने फिरवली तर जनित्र बनते. ६० ला १ या प्रमाणाचा गिअर असलेली आणि १२ व्होल्टवर बाहेरचा दांडा मिनिटाला १०० फेरे घेणारी मोटार ५० फेऱ्यांनी फिरवली की सुमारे ६ व्होल्ट देते. दिवा लावताच हँडल जड होते आणि दिवा काढताच हलके, त्यामुळे विजेची किंमत कष्टात मोजावी लागते हे आठवीच्या मुलाच्या मनगटाला कळते. (वायपरची मोटार येथे निरुपयोगी, तिचा दांडा हाताने फिरतच नाही.)

कांद्याच्या चाळीत पंखे बसवण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी, जरी ती प्रथम सुचते. चाळीला सतत हवा हवी असते, ब्रशची मोटार सतत चालवल्यास ब्रश झिजतात, आणि इतक्या लहान पंख्याने चाळीच्या पोटातील ऊब निघत नाही. थोडा वेळ काम आणि पुष्कळ विश्रांती, अशीच कामे या मोटारींना मानवतात.

राहिला प्रश्न त्या द्यायच्या कशा, आणि येथे सर्वांत मोठा धोका औदार्याचा आहे. शहराने नको असलेले गावाला दान केले की गावाची अडगळ वाढते आणि शहराचे कपाट रिकामे होते, यापलीकडे काही घडत नाही. राळेगणसिद्धीच्या धान्य बँकेने याला उत्तर देऊन ठेवलेले आहे : ज्याच्याकडे धान्य उरे तो ते जमा करी, नडलेल्या घराला त्यातून उसने मिळे, आणि सुगीनंतर ते घर थोडी वाढ घालून परतफेड करी. मोटारींची पेढी याच रीतीने चालवता येईल. मोटार उसनी जाईल. परतफेडीच्या वेळी ती परत येईल, जळाली असली तर जळकीच, आणि वाढ म्हणून येईल ती नोंद : कोणत्या कामाला लावली, किती महिने चालली, आधी काय तुटले. ही वाढ विद्यार्थ्यांना कोणत्याही स्पर्धेत मिळत नाही, कारण तेथे मोटारीला काही मिनिटेच तग धरायचा असतो, आणि शेतात तिला पावसाळा काढायचा असतो. जळक्या मोटारी विद्यापीठाकडे परतल्या तर १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रामार्फत लावता येईल, जे गावाला एकट्याने जमणारे नाही. स्पर्धेतील लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या या देवघेवीत मुळीच येऊ नयेत. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

तेव्हा विद्यापीठाकडे मागणे थोडे आहे. संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांना स्पर्धेनंतर उरलेल्या मोटारींची वर सांगितलेली चिठ्ठी बांधायला लावावी. अशा वस्तू निर्लेखन न करता उसन्या देण्यासाठी स्वतंत्र नोंदवहीला मान्यता द्यावी. आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरांपैकी एक, ग्रामसभेची संमती घेऊन, राळेगणसिद्धीत या कामासाठी लावावे. शिबिराचे पहिले दोन दिवस मोटारी पिशवीतून बाहेर काढू नयेत, विद्यार्थ्यांनी केवळ ताणकाटा घेऊन व्हॉल्व्ह मोजत हिंडावे आणि शेतकरी कोणता व्हॉल्व्ह कोणत्या वेळी फिरवतात ते लिहून घ्यावे. पहिल्या वर्षी चार व्हॉल्व्ह चालले तरी पुरे. त्यातले दोन बंद पडले, तर ते का पडले याची चिठ्ठी पुढच्या वर्षीच्या संघाला मोटार खरेदी करण्यापूर्वी वाचायला द्यावी.