दिवे लावा, पण आधी आरसीसीबी!

विरारच्या पुढे वैतरणा-सफाळे पट्ट्यात जून ते सप्टेंबर ऊन म्हणजे चैनच. त्यामुळे हॉलच्या कोपऱ्यात ग्रो लाइट लावून पुदिना-तुळस वाढवायचा नाद लागणं साहजिक आहे. नाद चांगलाच. पण एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर, वर कुंडी, हातात झारी... हे काही बरं नाही, मंडळी!

बरेच जण म्हणतात, "एमसीबी आहे की!" इथेच गफलत होते. १०० वॉटचा एलईडी २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरही घेत नाही. म्हणजे लोडचा प्रश्नच नाही. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट बघतो, वायर वाचवतो. माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हा हिशेब आरसीसीबी ठेवतो. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की कट!

म्हणून दिव्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, अधूनमधून त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कोंबू नका. धातूच्या बॉडीचं अर्थिंग तिथेच तुटतं. बोर्ड भिंतीवर उंच लावा आणि वायरला प्लगच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलावरून खाली ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पाणी घालताना स्विच बंद.

हौसेने महागडा दिवा घ्यायचा आणि आरसीसीबीच्या पैशांत काटकसर करायची, हे मला तरी पटत नाही. पुदिना काय, पुन्हा लावता येतो.