अनुदान बसला नको, किलोमीटरला द्या



हायड्रोजनवर धावणारी बस आली की झेंडा दाखवणाऱ्यांचा फोटो छापून येतो. ती बस पुढच्या वर्षभरात किती किलोमीटर धावली, हे मात्र शोधूनही वाचायला मिळत नाही. हे पत्र त्या न छापलेल्या आकड्याबद्दल आहे.

राज्य सरकारने जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं. त्यात हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधन सेलवरच्या पहिल्या ५०० प्रवासी वाहनांना किमतीच्या ३० टक्के, पण कमाल ६० लाख रुपये, आणि पहिल्या २० इंधन भरणा केंद्रांना कमाल साडेचार कोटी रुपये अनुदान ठेवलं आहे. गुणाकार केला तर बससाठी ३०० कोटी आणि पंपांसाठी ९० कोटी होतात. हे भांडवली अनुदान, म्हणजे खरेदीवरचं. ठिबकचं अनुदान उचलून नळ्यांची भेंडोळी गोठ्याच्या छपरावर टाकलेली बारामती-इंदापूर भागात ज्याने पाहिली आहेत, त्याला खरेदीवरच्या अनुदानाचा स्वभाव वेगळा सांगायला नको.

बस उभी राहण्याची भीती काल्पनिक नाही. बसच्या टाकीत हायड्रोजन साधारण ३५० बार दाबाने भरावा लागतो, ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या चाळीसेक पट. एवढा दाब देणारा कॉम्प्रेसर बिघडला तर त्या पंपावरच्या सगळ्या गाड्या एकदम अडकतात. डिझेल संपलं तर चालक पुढच्या पंपावर जातो, इथे पुढचा पंप दुसऱ्या जिल्ह्यात असणार. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बसची योजना आखली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती रद्द केली, कारण हिशेबात हायड्रोजनला किलोमीटरमागे ९५ सेंट आणि विजेच्या बसला १५ सेंट खर्च निघाला. त्यांनी निदान खर्च किलोमीटरमध्ये मोजला होता.

आपल्याकडेही मोजून पाहू. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन करायला सुमारे ५५ युनिट वीज लागते. मोठ्या बसला १०० किलोमीटरला आठ किलोच्या आसपास हायड्रोजन धरला, तरी ४४० युनिट झाले. वीज थेट बॅटरीत भरली असती तर तेवढ्याच अंतराला १२०-१३० युनिटांत काम भागलं असतं. मोटार चालवायला रात्रपाळीची लाईट येईल म्हणून जागे राहणाऱ्या शेतकऱ्याला या फरकाचा अर्थ लगेच कळतो.

हायड्रोजन फार पाणी पितो, ही ओरड मात्र मला पटत नाही. दिवसाला तीनशे किलोमीटर धावणाऱ्या बसच्या हायड्रोजनला, शुद्धीकरणातली नासाडी धरून, पाचेकशे लिटर पाणी पुरावं. नीरा डाव्या कालव्यावर उसाच्या एका एकराची एक पाळी दोन-तीन लाख लिटर पिते. तेवढ्यात ती बस वर्षभर चालेल. ज्यांना हायड्रोजनला विरोधच करायचा आहे, त्यांनी वेगळं कारण शोधावं.

प्रयोग जरूर व्हावेत. देशी बनावटीची पहिली इंधन सेल बस केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केली आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यातच ती लोकांसमोर आली, याचा अभिमानच आहे. केंद्राने मार्च २०२५ मध्ये बस आणि ट्रक मिळून ३७ वाहनं आणि ९ पंपांसाठी सुमारे २०८ कोटी मंजूर केले, म्हणजे पंपासकट वाहनामागे साडेपाच कोटींहून जास्त. प्रयोग महागच असतो, त्याला माझी हरकत नाही. पण त्या वाहनांच्या मार्गांच्या यादीत पुणे-मुंबई आहे, जिथे ई-शिवनेरी विजेवर आधीच धावते आहे. बॅटरी जिथे कमी पडेल अशी शंका आहे, त्या मुंबई-नागपूरसारख्या सातशे किलोमीटरच्या मार्गावर हायड्रोजनची परीक्षा घ्या. कन्हेरी, काटेवाडी, भवानीनगर, इंदापूर अशा जवळच्या फेऱ्यांना हायड्रोजनची गरज नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सकाळच्या बसमध्ये पासवाल्या मुली, दवाखान्याला निघालेल्या आज्या आणि बाजाराच्या पिशव्या दारापर्यंत असतात. यांना बस कशावर चालते यापेक्षा ती येते की नाही याचं पडलेलं असतं.

सरकारला किलोमीटरवर पैसे देता येत नाहीत असंही नाही. ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत केंद्र १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये मदत देतं. ती योजना शहरांसाठी आहे, गावं तिच्यात नाहीत, हे दुःख वेगळं. किलोमीटरमागे मदतीचा तोच नियम राज्याने हायड्रोजनला लावावा. ६० लाखांतला थोडा वाटा खरेदीला द्या, बाकीचा प्रवासी घेऊन धावलेल्या किलोमीटरवर, काही वर्षांत विभागून. पंपाचं अनुदानही भरलेल्या किलोंवर बांधा. उभ्या बसला आणि कोरड्या पंपाला काही नाही. बस बनवणाऱ्या कंपन्या याला नाराज होतील, पण ज्यांना आपल्या गाडीचा भरवसा आहे त्यांनी तरी नाराज का व्हावं?

हा हिशेब दरमहा आगारात, चौकशीच्या खिडकीशेजारी लावावा. प्रत्येक फेरीची नोंद एसटीकडे असतेच, त्यासाठी नवा कागद काढावा लागणार नाही.

– एक एसटी प्रवासी, कन्हेरी (ता. बारामती, जि. पुणे)