विश्लेषण : मांजर होऊन खेळायचे म्हणजे नेमके काय? ‘स्ट्रे’ कुठे जमतो, कुठे माणसाळतो

१९ जुलै २०२२ या एकाच दिवशी दोन व्हिडीओ गेम बाजारात आले. एकात खेळणारा मांजर होतो, दुसऱ्यात कोल्हीण. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातील ब्लूट्वेल्व्ह स्टुडिओच्या ‘स्ट्रे’चा गाजावाजा जगभर झाला, बार्सिलोनाच्या हीरोबीट स्टुडिओजचा ‘एंडलिंग’ त्या मानाने गुपचूप आला. गेममध्ये प्राणी असणे नवे नाही. पण बहुतेक ठिकाणी ते प्राणी दोन पायांवर धावतात, बोलतात, ठोसे मारतात. कातडी तेवढी प्राण्याची असते. या दोन गेमनी त्यापुढे जाण्याचा प्रयत्न केला. त्यात ‘स्ट्रे’ला मिळालेले यश मोठे आहे. अर्धवटही आहे.

‘स्ट्रे’ची गोष्ट काय?

झाडीने गिळलेल्या एका उजाड बांधकामात चार मांजरे राहतात. पाइपवरून उडी मारताना त्यातले तांबूस पट्ट्यांचे एक मांजर निसटते आणि खोल खाली, बंदिस्त शहरात पडते. काही पावले ते लंगडत चालते. या शहरात माणूस उरलेला नाही. माणसांचे कपडे घालणारे, दुकाने चालवणारे, गिटार वाजवणारे यंत्रमानव आहेत आणि सगळे काही कुरतडून खाणारे ‘झर्क’ नावाचे जीव आहेत. मांजराला परत वर, उघड्या आकाशाखाली जायचे आहे. पाच-सहा तासांत गोष्ट संपते. शेवट इथे सांगत नाही.

मांजर असल्याचे कशातून जाणवते?

सर्वात आधी कॅमेऱ्यातून. तो जमिनीलगत असतो, त्यामुळे खुर्ची उंच वाटते आणि कपाटाचा वरचा कप्पा म्हणजे दुसरा मजला. मग नख्या. कंट्रोलरची डावी-उजवी बटणे आळीपाळीने दाबली की सोफा ओरबाडला जातो. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये ती बटणे बोटाला विरोध करतात. मांजर अंगाचे मुटकुळे करून झोपले की त्याची गुरगुर हातातल्या कंट्रोलरमध्ये थरथरते. म्याँव करण्यासाठी एक स्वतंत्र बटण आहे आणि बहुतेक वेळा त्याचा काडीचाही उपयोग नसतो. तरी खेळणारे ते दाबत राहतात.

शहरात यंत्रमानव पटावर सोंगट्या मांडून बसलेले असतात. मांजर पटावर उडी मारून सगळा डाव विस्कटू शकते. कागदी पिशवीत डोके अडकले की डावे-उजवे उलटे होते. पाठीवर पहिल्यांदा पट्टा बांधला जातो तेव्हा हे मांजर थेट जमिनीवर आडवे होते, मग पोट घासत, पाय विचित्र टाकत चालते. घरच्या मांजराला कधी पट्टा घालून पाहिलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. स्टुडिओत खरोखरच मांजरे होती. नायकासाठी आधार ठरलेला ‘मर्टॉ’ हा बोका माँपेलिएत बेवारस सापडला होता. अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांनी खऱ्या मांजरांच्या हालचालींचे निरीक्षण करून ही चाल घडवली आणि ती मेहनत दर मिनिटाला दिसते.

उडी आपोआप का लागते?

‘स्ट्रे’वर सर्वाधिक टीका झाली ती याच मुद्द्यावर. इथे मनाला येईल तिथे उडी मारता येत नाही. जिथे पाय टेकणार आहेत तिथेच बटणाची खूण उमटते. ते दाबले की उडी बरोबर लागते. पडणे जवळजवळ नाहीच. ज्यांना अचूक उड्यांचे गेम आवडतात त्यांना हे हात धरून चालवल्यासारखे वाटले.

निर्मात्यांचा विचार वेगळा होता. मांजर सहसा उडी चुकत नाही. खेळणाऱ्याच्या चुकांमुळे ते सारखे कठड्यावर आपटत राहिले असते, तर ते मांजर राहिलेच नसते. हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. चुकीची भीती काढून टाकल्यावर लक्ष वाटेकडे जाते. त्या खिडकीच्या सज्जावरून एसीच्या डब्यावर, तिथून दोरीवर, तिथून छपरावर जाता येईल का? चाळीच्या कठड्यावरून फिरणारे मांजर असाच हिशेब करत असावे.

हे शहर आले कुठून?

हाँगकाँगमधल्या काउलून वॉल्ड सिटीतून. जेमतेम साडेसहा एकरांत शेकडो इमारती एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि १९८७ च्या पाहणीनुसार तिथे सुमारे ३३ हजार लोक राहत होते. शेजारी काय टाक विमानतळ असल्याने उंचीला मर्यादा होती, त्यामुळे वस्ती आडवी-तिडवी, आतल्या आत दाटत गेली. गल्ल्यांवर पाइप आणि तारांचे छत झाले. १९९३-९४ मध्ये ही वस्ती पाडण्यात आली; आज तिथे उद्यान आहे.

स्टुडिओच्या संस्थापकांनी आधी या वस्तीचा ध्यास घेतला, मांजर नंतर आले. अशा दाटीत सर्वात सहज वावरणारा प्राणी कोणता, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा गेम. त्यामुळे जागा आणि नायक एकमेकांत इतके चपखल बसतात. माणूस नायक असता तर हेच शहर अडथळ्यांची शर्यत वाटले असते.

मग अडते कुठे?

बी-१२ नावाच्या ड्रोनपाशी. सुरुवातीच्या टप्प्यानंतर हा छोटा उडता यंत्रमानव मांजराच्या पाठीवरच्या पिशवीत बसतो. यंत्रमानवांची भाषा तोच समजावून सांगतो, पाट्या वाचतो, वस्तू सांभाळतो, कुलपे उघडतो. त्याच्या हरवलेल्या आठवणी हाच पुढे कथेचा कणा होतो. म्हणजे जे माणसाचे काम, ते ड्रोनकडे आणि मांजराकडे फक्त पाय. हा निरोप त्याला द्या, ती वस्तू शोधून आणा, अशी कामे सुरू झाली की खेळणारा हळूहळू नेहमीचा माणूस होतो. मधल्या भागात झर्कना जाळणारा प्रकाशझोतही हाती येतो. थोड्याच वेळासाठी येतो हे खरे, पण मांजराच्या गेममध्ये बंदूक शिरते ती अशी.

गोष्ट सांगायची तर दुभाषा हवा, ही निर्मात्यांची अडचण समजू शकते. तरीही ड्रोन येण्यापूर्वीचा भाग या गेमचा सर्वात धीट भाग आहे. तिथे कुणी काही समजावत नाही. उजळणाऱ्या पाट्या आणि पडदे पाहत एक घाबरलेले जनावर अंधारात वाट काढते, एवढेच घडते.

‘एंडलिंग’ने वेगळे काय केले?

भूक ठेवली. उद्ध्वस्त जगातील शेवटची कोल्हीण, तिची चार पिल्ले. त्यातले एक पळवले जाते. रात्री बिळाबाहेर पडायचे, वासाच्या रेषेमागे जायचे, मिळेल ते खायला आणायचे आणि उजाडण्याआधी परतायचे. दिवसागणिक जंगल तुटते, नदी घाण होते, कालचा रस्ता बंद होतो. खायला कमी पडले तर पिल्लू मरते आणि ते परत येत नाही. ‘स्ट्रे’मधले मांजर मेले तर थोड्या मागच्या टप्प्यावरून खेळ पुन्हा सुरू होतो आणि अख्ख्या प्रवासात त्याला पोट भरण्याची काळजी नसते. दिसायला ‘स्ट्रे’ कितीतरी देखणा आहे. पण प्राण्याच्या आयुष्यातील बहुतांश वेळ ज्यात जातो ती गोष्ट ‘एंडलिंग’ने खेळाच्या मध्यभागी आणली. २०२३ च्या बाफ्टा गेम पुरस्कारांत मनोरंजनापलीकडे जाणाऱ्या गेमसाठीचा मान त्याला मिळाला, तो योग्यच.

‘स्ट्रे’च्या वाट्याला काय आले?

डिसेंबर २०२२ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम स्वतंत्र गेम आणि सर्वोत्तम पदार्पण असे दोन पुरस्कार. वर्षातील सर्वोत्तम गेमच्या यादीतही तो होता. तो मान ‘एल्डन रिंग’ने नेला. प्रकाशक अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्हने प्रदर्शनाच्या सुमारास अमेरिकेतील नेब्रास्का ह्युमेन सोसायटीला गेमच्या प्रती दिल्या. संस्थेने देणगीदारांमध्ये त्यांची सोडत काढून बेवारस प्राण्यांसाठी पैसे उभे केले.

खेळायचे असल्यास ‘स्ट्रे’ प्लेस्टेशन आणि विंडोजवर सुरुवातीपासून आहे. २०२३ मध्ये तो एक्सबॉक्स आणि मॅकवर, तर २०२४ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. फोन हेच ज्यांचे खेळण्याचे साधन आहे त्यांच्यासाठी कोल्हिणीची वाट सोपी : ‘एंडलिंग’ अँड्रॉइड आणि आयफोनवरही उपलब्ध झाला आहे. हेडफोन लावून खेळावा. आणि लहान मुलांच्या हाती फोन देण्याआधी पिल्ले मरू शकतात हे मोठ्यांनी लक्षात ठेवावे.